चोर सोडून संन्याशाला फाशी: अँड्रॉइड ॲपमधले मेमरीचे क्रॅश कसे शोधायचे

दूध संकलन केंद्रांसाठी आम्ही एक अँड्रॉइड ॲप केलं होतं. पहाटे साडेपाचपासून रांग. किटली काट्यावर ठेवली की वजन ब्लूटूथने फोनवर येणार, सचिव फॅट टाकणार, सभासदाच्या दूधकार्डाचा फोटो काढणार, की पुढचा. ऑफिसातल्या ८ जीबी रॅमच्या फोनवर सगळं लोण्यासारखं चालायचं. गावातून मात्र दोन तक्रारी यायला लागल्या. पहिली : "तिसऱ्या-चौथ्या फोटोला ॲप उडतं." दुसरी : "फोटो काढून परत आलं की ॲप पहिल्या पानावर जातं आणि टाकलेलं वजन गायब." आम्ही या दोन तक्रारी वेगळ्या समजून दोन वेगळ्या माणसांना वाटून दिल्या. त्यात आठवडा गेला.

पहिल्या तक्रारीचा स्टॅक ट्रेस, म्हणजे क्रॅश होताना कोडच्या कोणत्या ओळी चालू होत्या त्याची यादी, क्रॅशच्या डॅशबोर्डवर होता. तारीख छापणाऱ्या एका निरुपद्रवी ओळीला २४ बाइट मिळाले नव्हते. मी ती ओळ बदलली. दुसऱ्या दिवशी तोच क्रॅश यादीच्या ॲडॅप्टरमध्ये, तिसऱ्या दिवशी जेसॉन वाचणाऱ्या कोडमध्ये. एसटी आधीच खच्चून भरलेली, आणि कंडक्टर उतरवतोय शेवटी चढलेल्या म्हातारीला, असा तो प्रकार. मेमरीच्या क्रॅशमध्ये स्टॅक ट्रेस बहुतेक वेळा या म्हातारीचंच नाव सांगतो. सीट अडवून झोपलेले मागे कुठेतरी असतात, आणि शोधायचं त्यांना.

पायरी १ : ॲप मेलं कशाने, ते आधी ठरवा

"ॲप बंद पडलं" या एका वाक्यामागे निदान चार वेगळी मरणं असतात, आणि प्रत्येकाचा तपास वेगळा.

पहिलं, जावा हीप, म्हणजे ॲपच्या जावा कोडच्या वस्तू राहतात ती मेमरी, संपणं. प्रत्येक ॲपला फोन एक मर्यादा देतो. १२८, १९२, २५६ एमबी असे आकडे नेहमी दिसतात. ॲक्टिव्हिटी मॅनेजरच्या गेट-मेमरी-क्लासला विचारलं की त्या फोनवरचा आकडा कळतो. मर्यादा ओलांडली की आउट-ऑफ-मेमरी एरर येते. ही डॅशबोर्डवर दिसते, म्हणून त्यातल्या त्यात सज्जन.

दुसरं, पूर्ण फोनचीच मेमरी संपत आली म्हणून सिस्टिमने प्रोसेस, म्हणजे चालू असलेलं आख्खं ॲप, मारणं. इथे एक्सेप्शन नाही, स्टॅक ट्रेस नाही, काहीच नाही. क्रॅश गोळा करणाऱ्या लायब्ररीलाही पत्ता लागत नाही, कारण तीही त्याच प्रोसेसमध्ये असते आणि तिच्याबरोबरच मरते. आमची दुसरी तक्रार ही होती, आणि डॅशबोर्ड कोरा म्हणून आम्ही तिला 'वापरणाऱ्याची चूक' म्हणत होतो. आता आठवलं की लाज वाटते.

तिसरं, सी किंवा सी प्लस प्लसमध्ये लिहिलेल्या, म्हणजे नेटिव्ह, भागातला क्रॅश : सिग्नल ११, म्हणजे सेगफॉल्ट, किंवा सिग्नल ६, म्हणजे अबॉर्ट. चौथं, मेमरीचं नाव घेऊन येणारं पण खरं तर थ्रेड (ॲपमधली समांतर चालणारी कामं) किंवा फाइल डिस्क्रिप्टर (उघड्या फाइल आणि सॉकेटचे क्रमांक) संपल्याचं.

कोणतं मरण ते कळायला अँड्रॉइड ११ पासून चांगली सोय आहे. ॲप पुन्हा सुरू झालं की ॲक्टिव्हिटी मॅनेजरच्या गेट-हिस्टॉरिकल-प्रोसेस-एग्झिट-रीझन्सला विचारायचं, की मागच्या वेळी आपण कशाने मेलो. उत्तरात कारणाचा क्रमांक येतो : ३ म्हणजे कमी मेमरीमुळे मारलं, ४ म्हणजे जावाचा क्रॅश, ५ म्हणजे नेटिव्ह क्रॅश, ६ म्हणजे ॲप अडकून बसलं. काही फोन कमी मेमरीचं कारण कळवतच नाहीत. तिथे कारण २ आणि सिग्नल ९ असं दिसतं. फोन कोणत्या गटातला ते इज-लो-मेमरी-किल-रिपोर्ट-सपोर्टेड सांगतं. हे कारण, त्या वेळचा पीएसएस आकडा (ॲपने व्यापलेली मेमरी) आणि फोनची एकूण रॅम एवढं तीन ओळींत सर्व्हरला पाठवा. आम्ही पाठवायला लागलो आणि दोनच दिवसांत कळलं, की न दिसणारी मरणं दिसणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त आहेत.

पायरी २ : एररचं वाक्य पूर्ण वाचा

आउट-ऑफ-मेमरीचा संदेश आपण नेहमी पहिल्या तीन शब्दांवर सोडतो. पण त्यात तीन आकडे असतात : किती बाइट मागितले, किती मोकळे होते, आणि मर्यादा गाठायला किती उरले होते. मागणी २४ बाइटची आणि शिल्लक जवळपास शून्य असेल, तर गळती आहे. ती ओळ निर्दोष. मागणी पाच कोटी बाइटची आणि शिल्लक तीस एमबी असेल, तर त्या ओळीवर खरंच काहीतरी अवाढव्य मागितलं जातंय, आणि बहुधा ते चित्र असतं.

संदेशात 'पी-थ्रेड क्रिएट' आणि '१०४० केबी स्टॅक' असे शब्द दिसले, तर हीपकडे पाहूच नका. नवा थ्रेड बनला नाही, एवढाच त्याचा अर्थ. प्रोसेसचे थ्रेड मोजा; प्रॉक फाइल सिस्टिममधल्या स्टेटस फाइलमध्ये आकडा असतो. शेकड्यांनी दिसले तर त्यांची नावं वाचा, नावावरून धनी सापडतो. नेहमीचा गुन्हेगार म्हणजे प्रत्येक विनंतीला नवा ओके-एचटीटीपी क्लायंट बनवणारा कोड. प्रत्येक क्लायंट आपला स्वतंत्र कनेक्शन पूल आणि थ्रेड घेऊन येतो. पूर्ण ॲपला एकच क्लायंट ठेवायचा. 'जेएनआय एन्व्ह' बनवता आलं नाही अशी तक्रार असेल, तर उघड्या राहिलेल्या फाइल, कर्सर आणि सॉकेट तपासा.

पायरी ३ : गरीब फोन आणा

८ जीबीच्या फोनवर हा रोग दिसत नाही. वापरणाऱ्यांच्या हातात जो फोन आहे, तसाच एक जुना, २ किंवा ३ जीबीचा विकत घ्या आणि त्यात व्हॉट्सॲप, यूट्यूब वगैरे भरून ठेवा, कारण सचिवांच्या फोनमध्ये ते असतंच. फोन मिळेपर्यंत कमी रॅम दिलेला एम्युलेटर चालेल, पण त्याच्यावर कॅमेऱ्याचा खरा भार येत नाही.

मग संशयित पडदा उघडा-बंद करा. दहा वेळा, मोजून. आधी आणि नंतर एडीबीवरून (संगणकावरून फोनला आदेश देणारं साधन) डम्पसिस मेमइन्फो आणि पुढे पॅकेजचं नाव असा आदेश द्या. भलं मोठं कोष्टक येतं. सुरुवातीला तीनच गोष्टी पाहा. नेटिव्ह हीप, डाल्विक हीप (म्हणजेच जावा हीप), आणि खालच्या 'ऑब्जेक्ट्स' भागात ॲक्टिव्हिटीजचा, म्हणजे पडद्यांचा, आकडा. गार्बेज कलेक्शन, म्हणजे नको असलेल्या वस्तूंची सफाई, झालेलं नसेल तर हा आकडा उगाच फुगलेला दिसतो, म्हणून आधी अँड्रॉइड स्टुडिओच्या प्रोफायलरमधलं कचरापेटीचं बटण दाबून मगच मोजा. पडदा बंद केल्यावर तिथे १ दिसायला हवा. आमच्याकडे नव्या अँड्रॉइडच्या फोनवर दहा फेऱ्यांनंतर ११ दिसले. एकही पडदा मेला नव्हता. सगळे आपापला फोटो उराशी धरून बसले होते.

पायरी ४ : कोणी धरून ठेवलंय ते शोधा

गार्बेज कलेक्टर हुशार असला तरी मन वाचत नाही. एखाद्या वस्तूपर्यंत कुठून तरी पोचता येतंय, एवढं त्याला पुरतं. तिची गरज संपली आहे की नाही, हे त्याला कळायचं काही साधन नाही. म्हणून गळती म्हणजे विसरलेला धागा, आणि शोधायचं असतं त्या धाग्याचं दुसरं टोक.

याला लीककॅनरी या गळती शोधणाऱ्या लायब्ररीसारखं दुसरं हत्यार माझ्या पाहण्यात नाही. स्क्वेअर कंपनीने २०१५ मध्ये हे खुलं केलं. फक्त डीबग बिल्डमध्ये एक ओळ जोडायची, कोड काही लिहायचा नाही. ॲक्टिव्हिटी, फ्रॅगमेंट, फ्रॅगमेंटचा व्ह्यू, व्ह्यूमॉडेल यांपैकी काही नष्ट झालं की ते ५ सेकंद वाट पाहतं. तरी वस्तू जिवंत असेल तर तिला 'अडकलेली' म्हणून मोजतं. ॲप समोर असताना अशा ५ वस्तू जमल्या की हीपचा डम्प घेतं. ॲप मागे गेलं असेल तर एकही पुरते.

मग जी साखळी दिसते, ती वाचायची पद्धत अशी. सर्वात वर मूळ असतं, म्हणजे जे कधीच मरत नाही : एखादा चालू थ्रेड किंवा स्टॅटिक चल. सर्वात खाली गळलेली वस्तू. मधल्या प्रत्येक कडीवर 'गळतेय : नाही', 'गळतेय : हो' किंवा 'माहीत नाही' असा शेरा असतो. शेवटचं 'नाही' आणि पहिलं 'हो' यांच्या मधल्या ज्या दुव्यांखाली नागमोडी रेघ आहे, तेवढेच संशयित. बाकी साखळी वाचण्यात वेळ घालवू नका.

आमच्या साखळीत ती रेघ होती वजनकाट्याच्या वर्गातल्या लिसनरच्या यादीखाली. हा वर्ग सिंगलटन, म्हणजे ॲप जिवंत तोवर जिवंत. नोंदीचा पडदा उघडला की तो काट्याला सांगायचा, 'वजन आलं की मला कळव.' बंद होताना नाव काढून घ्यायचं. कोड पाहिला तर नाव काढायची ओळ होती! दोघांनी रिव्ह्यू करून मंजूर केलेली. तासभर आम्ही लीककॅनरीवरच शंका घेतली.

चूक अशी होती : नोंदवताना एक लॅम्डा (नाव नसलेलं छोटं फंक्शन) दिला होता आणि काढताना तसाच दिसणारा दुसरा लॅम्डा. डोळ्यांना दोन्ही एकच. पण पडद्याला धरून असलेला प्रत्येक लॅम्डा ही नवी वस्तू असते. यादीने 'हा काढ' ऐकलं, असा कोणी आपल्याकडे नाही असं पाहिलं, आणि गप्प बसली. जुना लॅम्डा यादीत तसाच, त्याच्या मुठीत ॲक्टिव्हिटी, ॲक्टिव्हिटीच्या मुठीत इमेज व्ह्यू, त्यात फोटो. लिसनर एका चलात ठेवून तोच ऑन-स्टार्टमध्ये नोंदवला आणि ऑन-स्टॉपमध्ये काढला, की काम झालं. बदल चार ओळींचा.

टीममधल्या एकाने सुचवलं होतं, की यादीत वीक रेफरन्स, म्हणजे वस्तूला जिवंत न ठेवणारा कच्चा दुवा, ठेवू. मी विरोध केला. त्याने गळती थांबते, पण कोणाचं आयुष्य कोणाच्या हातात आहे हा प्रश्न तसाच राहतो, आणि कधीतरी लिसनर हवा असताना गायब होतो. ती गाठ सोडवणं जास्त अवघड.

इतर नेहमीचे संशयित पटकन सांगतो. फ्रॅगमेंटमध्ये व्ह्यू बाइंडिंग ऑन-डिस्ट्रॉय-व्ह्यूमध्ये नल न करणं. हँडलरला दिलेलं उशिराचं काम, जे पडदा गेल्यावरही रांगेत उभं असतं. ग्लोबल स्कोपमध्ये सुरू केलेली कोरूटीन. सिंगलटनला ॲप्लिकेशनऐवजी ॲक्टिव्हिटीचा कॉन्टेक्स्ट देणं. लीककॅनरी कधीकधी 'लायब्ररी लीक' असा शेरा देतं; ती गळती अँड्रॉइडची किंवा फोन बनवणाऱ्याची असते, तिच्या मागे रात्र जागवू नका.

पायरी ५ : चित्रांचा हिशोब कागदावर करा

गळती थांबल्यावरही एक प्रश्न उरला : एका पडद्याला एवढी मेमरी लागावीच का? १३ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचा फोटो ४१६० गुणिले ३१२० ठिपक्यांचा. फाइल तीन-चार एमबीची दिसते, पण ती आवळलेली असते. उलगडल्यावर प्रत्येक ठिपक्याला ४ बाइट, म्हणजे जवळपास ५२ एमबी. १२८ एमबीची मर्यादा असलेल्या फोनवर असे दोन फोटो गळले की १०४ गेले. तिसऱ्याला जागा कुठली? 'तिसऱ्या-चौथ्या फोटोला उडतं' हे सचिव अगदी मोजून सांगत होते.

उपाय जुनाच आहे. आधी इन-जस्ट-डीकोड-बाउंड्स लावून चित्राची फक्त मापं घ्या, मग इन-सॅम्पल-साइझ देऊन लहान करून उलगडा. ४ दिलं की लांबी-रुंदी चौथाई, मेमरी सोळावा हिस्सा : ५२ चे सव्वातीन एमबी. कॉइल किंवा ग्लाइड वापरत असाल तर इमेज व्ह्यूचं माप पाहून हे ते स्वतःच करतात; आम्ही 'एवढ्याशा कामाला लायब्ररी कशाला' म्हणून हाताने लिहिलं होतं.

एक छुपा खड्डा इथेच सांगून ठेवतो. १०८० गुणिले १९२० चं पार्श्वभूमीचं चित्र साध्या ड्रॉएबल फोल्डरमध्ये टाकलं, तर अँड्रॉइड त्याला कमी घनतेचं समजतं आणि तिप्पट घनतेच्या फोनवर दोन्ही बाजूंनी तिप्पट ताणतं. ८ एमबीचं चित्र ७५ एमबीचं होतं. घनतेनुसार योग्य फोल्डरमध्ये, किंवा ताणायचंच नसेल तर नो-डीपीआय फोल्डरमध्ये ठेवा.

आता दोन तक्रारींचं कोडं. अँड्रॉइड ३ ते ७ मध्ये बिटमॅपचे, म्हणजे उलगडलेल्या चित्राचे, ठिपके जावा हीपमध्ये असत. अँड्रॉइड ८ पासून ते नेटिव्ह हीपमध्ये गेले. त्यामुळे एकाच गळतीने जुन्या फोनवर आउट-ऑफ-मेमरी एरर यायची, तर नव्या फोनवर जावा हीप शांत आणि नेटिव्ह हीप फुगत जायचं. सचिवांनी फोटोसाठी कॅमेरा ॲप उघडलं की आमचं ॲप मागे जायचं, कॅमेऱ्याला मेमरी हवी असायची, आणि सिस्टिम सर्वात लठ्ठ दिसणाऱ्या मागच्या ॲपला मारायची. परत आलं की पहिलं पान. चोर एक, पण दोन गावांत दोन नावांनी वावरत होता. प्रोफायलरमध्ये फक्त जावाची रेघ पाहाल तर हा चोर दिसणारच नाही, म्हणून नेटिव्ह आकडाही पाहा.

पायरी ६ : मरण येणारच, त्याची तयारी

गळती बंद झाल्यावर दुसरी तक्रार खूप कमी झाली, पण संपली नाही. २ जीबीच्या फोनवर कॅमेरा उघडला, की मागच्या सडपातळ ॲपलाही मारलं जाऊ शकतं. हा दोष नाही, अँड्रॉइडचा ठरलेला व्यवहार आहे. वजन, फॅट, सभासद क्रमांक आणि फोटोच्या फाइलचा पत्ता ऑन-सेव्ह-इन्स्टन्स-स्टेटमध्ये किंवा सेव्हड-स्टेट-हँडलमध्ये ठेवायला हवा. फाइलचा पत्ता म्हटलं, फोटो नव्हे. आमच्या एकाने उत्साहात बिटमॅपच बंडलमध्ये कोंबला आणि ट्रान्झॅक्शन-टू-लार्ज नावाचा नवा क्रॅश घरी आणला. असं बंडल सिस्टिमकडे जातं ते बाइंडर या निरोप्यामार्फत, आणि त्याची पेटी पूर्ण प्रोसेसला मिळून १ एमबीची असते.

तपासायचं कसं? डेव्हलपर ऑप्शन्समधला 'ॲक्टिव्हिटी ठेवू नका' हा पर्याय पुरत नाही. तो ॲक्टिव्हिटी मारतो, प्रोसेस नाही, त्यामुळे सिंगलटन जिवंत राहतात आणि खोटा दिलासा मिळतो. कॅमेरा उघडा, ॲप मागे गेलंय याची खात्री करा, एडीबीवरून एएम किल आणि पॅकेजचं नाव द्या, मग फोटो काढून परत या. वजन जागेवर हवं.

पायरी ७ : नेटिव्ह क्रॅश

सिग्नल ११ आला की आधी फॉल्ट ॲड्रेस पाहा. शून्य किंवा शून्याच्या अगदी जवळचा आकडा असेल तर नल पॉइंटर, सोपं प्रकरण. चित्रविचित्र पत्ता असेल तर बहुधा मोकळी केलेली मेमरी कोणीतरी पुन्हा वापरली, किंवा शेजाऱ्याच्या हद्दीत लिहिलं. इथे म्हातारी आणि चोर यांच्यातलं अंतर सर्वात जास्त : नासधूस आता होते, क्रॅश दोन मिनिटांनी, भलत्याच लायब्ररीत.

टूम्बस्टोनमधले, म्हणजे नेटिव्ह क्रॅशनंतर सिस्टिम लिहिते त्या अहवालातले, पत्ते एनडीके-स्टॅकला देऊन फंक्शनची नावं काढा. त्यासाठी चिन्हं, म्हणजे फंक्शनची नावं, न काढलेल्या एसओ फाइल (नेटिव्ह लायब्ररी) प्रत्येक रिलीजगणिक जपून ठेवाव्या लागतात. नंतर पुन्हा बिल्ड केलेली फाइल जुळेलच असं नाही. नावं कळली तरी चोर कळत नाही, म्हणून सॅनिटायझर, म्हणजे मेमरीचा चुकीचा वापर पकडणारं साधन. ६४-बिट आर्म फोनवर हार्डवेअर-असिस्टेड ॲड्रेस सॅनिटायझर लावून ॲप चालवा. मोकळी मेमरी वापरली की तो तिथल्या तिथे थांबवतो आणि तीन स्टॅक देतो : वापरली कुठे, मोकळी केली कुठे, मुळात घेतली कुठे. मधला वाचा, कारण उत्तर बहुधा तिथेच असतं.

ग्राहकाच्याच फोनवर होणारा आणि आपल्याकडे न होणारा क्रॅश असेल तर अँड्रॉइड ११ पासूनचा जीडब्ल्यूपी-एसॅन मॅनिफेस्टमधून चालू करता येतो. तो थोड्याच वाटपांवर पहारा ठेवतो, म्हणून ॲप मंद होत नाही. वापरणारे भरपूर असतील तर कधी ना कधी चोर सापडतो.

(आयफोनवाल्यांसाठी एवढंच : तिथे गार्बेज कलेक्टर नाही, संदर्भांची मोजणी आहे, त्यामुळे दोन वस्तूंनी एकमेकींना धरलं की दोघी अमर होतात. एक्सकोडचा मेमरी ग्राफ ती मिठी दाखवतो. बॅड ॲक्सेसला ॲड्रेस सॅनिटायझर, आणि गुपचूप मारणाऱ्याचं नाव तिथे जेटसॅम.)

काय करू नका

लार्ज-हीप (जावा हीपची मर्यादा वाढवून मागणं) चालू करणं, सिस्टिम-जीसी (हाताने गार्बेज कलेक्शन) बोलावणं, आणि आउट-ऑफ-मेमरी एरर ट्राय-कॅचमध्ये गिळणं. तिन्ही मी केलेलं आहे. लार्ज-हीपने तिसऱ्या फोटोचा क्रॅश सातव्यावर गेला आणि आम्ही पेढे वाटायच्या बेतात होतो. नव्या फोनवर तर त्याचा उपयोगच नव्हता, कारण ठिपके जावा हीपमध्ये नव्हतेच.

दुरुस्ती टिकतेय का, ते पाहण्यासाठी

पुन्हा तोच गरीब फोन, तोच पडदा, या वेळी पन्नास फेऱ्या. मेमइन्फोमध्ये ॲक्टिव्हिटी १, आणि नेटिव्ह हीप पहिल्या काही फेऱ्यांनंतर सपाट. थोडं वरखाली होणारच. दर फेरीला ठरावीक एमबीने चढत असेल तर अजून कोणीतरी धरून बसलंय. लीककॅनरीची तपासणी यूआय टेस्टमध्येही जोडता येते. गळती दिसली की टेस्ट नापास. आम्ही ती नोंदीच्या पडद्याला लावली. पुढच्याच महिन्यात ती नापास झाली : पावती छापणाऱ्या ब्लूटूथ प्रिंटरचा वर्ग कोणीतरी वजनकाट्याच्या जुन्या वर्गावरून जसाच्या तसा उतरवला होता, दोन लॅम्डांसकट.